भास्कराचार्य आणि वानरांचा कळप

वानरांच्या कळपाचा पाचवा हिस्सा घेऊन त्यातून तीन वजा केले. जी संख्या उरली तिच्या वर्गाइतके वानर गुहेत शिरले आणि फांदीवर चढलेला एकच काय तो दिसत राहिला, तर कळप केवढा? भास्कराचार्यांच्या ‘बीजगणित’ ग्रंथातील हे उदाहरण. वर्गसमीकरण सोडवले की उत्तरे दोन येतात : ५० आणि ५. पन्नासाचा पाचवा हिस्सा दहा, तीन गेले सात, साताचा वर्ग एकोणपन्नास. फांदीवरचा एक मिळून पन्नास. ताळा पाचाचाही जुळतो. मात्र तेथे एकातून तीन वजा करावे लागतात आणि हाती उणे दोन येतात. आचार्यांनी पाच हे उत्तर सोडून दिले. ऋण झालेली राशी लोकांना पटत नाही, एवढेच कारण त्यांनी दिले. आजचा शिक्षक हीच गोष्ट असमानतेच्या रूपात मांडील : कळप पंधराहून मोठा असलाच पाहिजे.

आचार्यांचा जन्म शके १०३६ मधला, म्हणजे इ. स. १११४ चा. वडील महेश्वर हेच त्यांचे गुरू. सह्याद्रीच्या आश्रयाला असलेले आपले गाव त्यांनी विज्जलविड म्हणून नोंदले. त्याच्या जागेविषयी खानदेशापासून विजापूरपर्यंत दावे होत आले आहेत. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ११५० मध्ये, त्यांनी ‘सिद्धांतशिरोमणी’ पूर्ण केला. ‘लीलावती’ आणि ‘बीजगणित’ हे त्याचेच भाग. ११८३ मध्ये, सत्तरीच्या उंबरठ्यावर, त्यांनी ‘करणकुतूहल’ रचला.

वर्गसमीकरण सोडवण्याची रीत आपली आहे, असा आव त्यांनी आणला नाही. दोन्ही बाजूंना वर्गाच्या गुणकाच्या चौपटीने गुणून वर्ग पूर्ण करण्याचा नियम त्यांनी श्रीधराचार्यांच्या नावानेच दिला. श्रीधरांचा मूळ बीजगणितग्रंथ पुढे नाहीसा झाला. नियम टिकला तो या उल्लेखामुळे.

दोन उत्तरांपैकी एक टाकायचे, हाही त्यांचा सरसकट नियम नव्हता. दुसऱ्या एका कळपातील आठव्या हिश्श्याच्या वर्गाइतके वानर रानात खेळतात आणि बारा टेकडीवर दिसतात. येथे उत्तरे १६ आणि ४८. दोन्ही त्यांनी मान्य केली. या दोहोंच्या मधली संख्या घेतली, तर खेळणारे आणि टेकडीवरचे मिळूनही कळप पुरा होत नाही. बत्तिसांत चार वानर कमी पडतात. अठ्ठेचाळिसांच्या पुढे गेले की बेरीज कळपाहून मोठी होते. लहानमोठेपणा दाखवणारी आजची चिन्हे मात्र युरोपात १६३१ साली, थॉमस हॅरियटच्या ग्रंथातून, छापून आली.

लीलावती ही आचार्यांची कन्या आणि घटिकापात्रात मोती पडून तिचा मुहूर्त हुकला, ही कथा सर्वतोमुखी आहे. अकबराच्या दरबारातील फैजीने १५८७ मध्ये केलेल्या फारसी अनुवादात ती येते. खुद्द आचार्यांच्या ग्रंथांत तिचा मागमूस नाही. कथा गोड आहे, पण तिच्यापायी पुत्र लक्ष्मीधर आणि नातू चांगदेव यांची ओळख झाकोळली. लक्ष्मीधर यादव राजा जैत्रपालाच्या पदरी होता, चांगदेव सिंघणाचा ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून चांगदेवाने चाळीसगावजवळच्या पाटण येथे मठ स्थापला. निकुंभ वंशातील सोईदेवाने त्याला दान दिले आणि १२०७ मध्ये त्याचा शिलालेख कोरला गेला.

हा लेख एकोणिसाव्या शतकात विद्वानांपुढे आणला तो डॉ. भाऊ दाजी लाड यांनी. ते मूळचे गोव्यातील मांद्र्याचे. लेखाचा बहुतेक भाग संस्कृतात आहे. शेवटी दानाचा तपशील येतो तेव्हा भाषा त्या काळच्या मराठीवर उतरते : बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावरील राजाचा हिस्सा मठाला, आणि तेलाच्या प्रत्येक घाण्यामागे पळीभर तेल.