नाकारलेली घड्याळं विकणाऱ्या स्टेशन मास्तरनं जगाला घरबसल्या खरेदीची सवय लावली

सावदा स्टेशनवरून केळी भरून गाडी उत्तरेकडं निघाली की माल पाठवणाऱ्याचा जीव एकाच गोष्टीत अडकलेला असतो. समोरच्यानं माल उतरवून घेतलाच नाही तर? केळी काही परत आणून विकता येत नाहीत. माल काळा पडतो, गाडीभाडं अंगावर पडतं आणि सिझनचा हिशोब बिघडतो.

आता ही गोष्ट १८८६ सालची. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात नॉर्थ रेडवूड नावाच्या एका छोट्या स्टेशनवर असाच एक माल नाकारला गेला. फरक इतकाच, की त्या खोक्यात केळी नव्हती, खिशातली घड्याळं होती. ठोक व्यापाऱ्यानं ती गावातल्या सराफाला पाठवली होती आणि सराफानं घ्यायला नकार दिला होता. स्टेशनवर काम करत होता २२ वर्षांचा रिचर्ड सिअर्स. वडिलांचे पैसे बुडालेले, घराची जबाबदारी लवकर अंगावर आलेली. नोकरी सांभाळून तो लाकूड आणि कोळसाही विकायचा.

सिअर्सनं ती घड्याळं प्रत्येकी १२ डॉलरनं स्वतः घेतली आणि रेल्वेलाईनवरच्या दुसऱ्या स्टेशन मास्तरांना १४ डॉलरनं देऊ केली. त्यांनी ती वर कितीलाही विकावीत. यात खरी हुशारी नफ्याची नव्हती, जोखमीची होती. रेल्वेच्या या एजंटांचा जामीन कंपनीकडं असायचा, त्यामुळं पैसे बुडवून पळून जाणं त्यांना परवडणारं नव्हतं. सहा महिन्यांत सिअर्सनं सुमारे ५ हजार डॉलर कमावले, नोकरी सोडली आणि मिनियापोलिसमध्ये घड्याळांची कंपनी काढली. पुढच्या वर्षी तो शिकागोला गेला. तिथं घड्याळं दुरुस्त करणारा माणूस हवा म्हणून त्यानं पेपरात जाहिरात दिली. ती वाचून आला अल्व्हा रोबक.

१८८९ मध्ये सिअर्सनं ही कंपनी विकून टाकली. विकताना एक अट मान्य केली, की तीन वर्षं शिकागोत घड्याळांचा धंदा करायचा नाही. पण गडी गप्प बसणारा नव्हता. अट शिकागोपुरती होती ना? मग तो परत मिनियापोलिसला गेला आणि टपालानं माल विकायला लागला. १८९३ मध्ये 'सिअर्स, रोबक अँड कंपनी' हे नाव आलं आणि बस्तान पुन्हा शिकागोत हललं.

टपालानं विक्री हा काही सिअर्सचा शोध नव्हता. माँटगोमेरी वॉर्डनं १८७२ मध्येच ते सुरू केलं होतं. आपल्याकडंही १८७७ पासून व्हीपीची सोय होती. पोस्टमन पार्सल आणणार, पैसे मोजून सोडवून घ्यायचं. पण सिअर्सची लेखणी वॉर्डपेक्षा भारी होती. कॅटलॉगचा बराचसा मजकूर तो स्वतः लिहायचा. आपला कॅटलॉग त्यानं वॉर्डच्या कॅटलॉगपेक्षा आकारानं छोटा ठेवला, का, तर घरातली बाई दोन्ही एकावर एक रचताना छोटा वर ठेवेल.

अडचण त्याच लेखणीत होती. सिअर्स आधी जाहिरात करायचा, मग ऑर्डरी यायच्या आणि त्यानंतर तो माल शोधायला निघायचा. पैसे आधी पाठवू नका, माल बघून द्या, असंही तो सांगायचा. त्यामुळं ऑर्डरींचा पाऊस पडला आणि परत येणाऱ्या पार्सलांचाही. जाण्यायेण्याचं भाडं कंपनीच्या डोक्यावर. एकदा स्वस्तातल्या सोफा-खुर्च्यांची जाहिरात पाहून लोकांनी पैसे पाठवले आणि घरी आलं बाहुलीच्या घरातलं फर्निचर, असा किस्सा सांगितला जातो. छोटी प्रतिकृती असल्याचं बारीक अक्षरात छापलेलं होतं म्हणे. कायद्याच्या कचाट्यातून सुटायला तेवढं पुरत असेल, गिऱ्हाईक टिकवायला नाही. आणि कायदाही झोपलेला नव्हता. फसवणूक करणाऱ्याची टपाल अडवायचा अधिकार अमेरिकेच्या टपाल खात्याकडं होता. टपाल बंद म्हणजे अशा कंपनीचं शटरच बंद.

रोबकला हे झेपेना. कर्ज वाढत होतं, कामाचे तास संपत नव्हते. १८९५ मध्ये त्यानं आपला हिस्सा सुमारे २५ हजार डॉलरला सोडला. मग सिअर्सनं कंपनीचा अर्धा हिस्सा ७५ हजार डॉलरला दोघांना विकला. एक एरन नुसबाम आणि दुसरा त्याचा मेहुणा, कपड्यांचा व्यापारी ज्युलियस रोझेनवाल्ड. रोझेनवाल्ड सिअर्सला सूट पुरवायचा, सिअर्सकडं त्याची उधारी थकलेली होती. थोडक्यात, देणेकरीच भागीदार झाला.

इथून कंपनीची फेरमांडणी सुरू झाली. सिअर्सनं विक्री आणायची आणि रोझेनवाल्डनं ती निस्तरायची. १९०० पर्यंत विक्री १ कोटी डॉलरच्या घरात गेली, वॉर्डही मागं पडला. नुसबामशी दोघांचं पटेना, तेव्हा त्याला बाहेर काढायला बारा-तेरा लाख डॉलर मोजावे लागले. सहा-सात वर्षांपूर्वी ७५ हजारांत अर्धी कंपनी गेली होती, हे लक्षात घ्या.

ऑर्डरी मात्र अजून गोंधळातच होत्या. कुणाला चुकीचा माल, कुणाला तोच माल दोनदा. शेवटी शिकागोत ४० एकरांवर सुमारे ५० लाख डॉलर घालून नवं केंद्र उभारलं गेलं, ते १९०६ मध्ये सुरू झालं. ओटो डोरिंग या अधिकाऱ्यानं तिथं वेळापत्रक बसवलं. प्रत्येक ऑर्डरला ठरलेली १५ मिनिटं, तेवढ्यात सगळ्या खात्यांतून माल एका जागी आलाच पाहिजे. उशीर झाला तर भुर्दंड त्या खात्यावर. आज गोदामात स्कॅनर घेऊन धावणाऱ्या पोरांच्या कामाचा आजोबा हाच. पैशासाठी त्याच वर्षी गोल्डमन सॅक्स आणि लेहमन ब्रदर्समार्फत ४ कोटी डॉलरचे शेअर बाजारात आणले.

१९०६ मध्येच अमेरिकेत अन्न आणि औषधांच्या शुद्धतेचा कायदा आला. सिअर्सच्या कॅटलॉगमध्ये तोवर हर मर्ज की दवा म्हणाव्यात अशा बाटल्या होत्या, अशक्त पुरुषांना ताकद देणारा विजेचा पट्टासुद्धा होता. रोझेनवाल्डला हा माल नकोच होता, कायद्यानं त्याचं पारडं जड झालं. काही वर्षांत औषधं कॅटलॉगमधून गेली आणि १९११ मध्ये माल तपासायची प्रयोगशाळा सुरू झाली.

तेवढ्यात १९०७ ची मंदी आली. सिअर्स म्हणत होता जाहिराती वाढवा, रोझेनवाल्ड म्हणत होता खर्च कापा. भागधारक आल्यावर जुगारी हातानं धंदा चालवणं शक्य नव्हतं. बायकोचं आजारपणही होतंच. १९०८ मध्ये सिअर्सनं अध्यक्षपद सोडलं आणि पुढं आपले शेअर सुमारे १ कोटी डॉलरला विकले.

२८ सप्टेंबर १९१४ रोजी, वयाच्या ५० व्या वर्षी तो वारला. कंपनीचा कारभार रोझेनवाल्डकडंच होता. आणि कर्जाला भिऊन बाहेर पडलेला रोबक? मंदीत सगळं गमावून तो १९३३ मध्ये त्याच कंपनीत परत आला. दारावर अजून त्याचं नाव होतं, त्याला काम मिळालं ते कंपनीचा इतिहास जमवायचं.