वीस वर्षांचा लाँगफेलो

कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या कुणालाही विचारा, हेन्री वॉड्सवर्थ लाँगफेलोची निदान एक कविता तरी त्याला पाठ असतेच. मला स्टेजवर उभी करून म्हणायला लावली होती, आणि तिसऱ्या कडव्यात मी अडकले होते, ते अजून आठवतं. पुस्तकात कवितेच्या वर त्यांचा फोटो होता. पांढरी लांब दाढी, खोल डोळे. मला तेव्हा वाटायचं की हा माणूस जन्मतःच आजोबा असणार.

गेल्या सेमिस्टरला लायब्ररीत मॅथ्स थ्रीचं पुस्तक शोधताना मागच्या रॅकवर त्यांचं एक जुनं चरित्र सापडलं. मॅथ्स थ्रीचं काय झालं ते कृपया विचारू नका. पण त्या पुस्तकात कळलं की हे आजोबा माझ्याच वयाचे असताना घरापासून हजारो मैल लांब, माद्रिदमध्ये, एका कुटुंबात पेइंग गेस्ट म्हणून राहत होते, आणि वडिलांच्या पैशांचा हिशोब देताना त्यांची त्रेधा उडत होती. म्हणून हा लेख. त्या काळातल्या हेन्रीला मी ‘तो’ म्हणणार आहे, वीस वर्षांच्या मुलाला ‘ते’ म्हणणं मला जमणार नाही. (मराठी माझं दहावीपर्यंत सेकंड लँग्वेज होतं. ऱ्हस्वदीर्घ संपादकांनी तपासलेलं आहे.)

हेन्रीचा जन्म २७ फेब्रुवारी १८०७ चा, अमेरिकेतल्या मेन भागातल्या पोर्टलँड या बंदराच्या गावचा. वडील स्टीफन लाँगफेलो नामांकित वकील. मुलगा हुशार, पण त्याचं सगळं लक्ष साहित्यात. बोडन कॉलेजातून १८२५ मध्ये अडतीस जणांच्या वर्गात तो चौथा आला. नथॅनिएल हॉथॉर्न त्याच वर्गातला. वडिलांचं म्हणणं सरळ होतं. लिहिणं वगैरे ठीक आहे, पण त्यावर पोट भरत नाही, तेव्हा वकिली शीक. वाचताना मला वाटलं की आपल्या घरातलाच संवाद चालू आहे, फक्त वकिलीच्या जागी इंजिनिअरिंग घालायचं.

पण हेन्रीचं नशीब जोरावर होतं. कॉलेजला आधुनिक भाषांचं अध्यासन सुरू करायचं होतं, त्यासाठी देणगी आली होती. लॅटिन-ग्रीक सगळीकडे शिकवत, फ्रेंच-स्पॅनिश शिकवणारा माणूस मात्र मिळणं कठीण. विश्वस्तांनी या अठरा वर्षांच्या मुलाला सांगितलं की तू युरोपात जा, भाषा शिकून ये, जागा तुझी. खर्च मात्र ज्याचा त्याने करायचा. म्हणजे वडिलांनी. लेखी करार काही नव्हता, नुसता शब्द होता. स्टीफन लाँगफेलो स्वतः त्या कॉलेजचे विश्वस्त, तरी पैसे त्यांच्याच खिशातून जाणार होते. तो हिवाळा हेन्रीने वडिलांच्या ऑफिसात कायद्याची पुस्तकं चाळत काढला आणि मे १८२६ मध्ये न्यूयॉर्कहून ‘कॅडमस’ नावाच्या शिडाच्या जहाजात बसला. साधारण महिन्याभराने फ्रान्सच्या ल हाव्र बंदरात उतरला.

पॅरिसमध्ये त्याचं तेच झालं जे आपल्या सीनिअर्सचं बाहेर गेल्यावर होतं असं ऐकते. राहायला गेला ते अमेरिकन मुलांच्या घोळक्यात. दिवसभर इंग्रजी, फ्रेंच जेवणापुरती. शिवाय पॅरिसच्या फॅशनचा लांब कोट, टोपी असा नवा थाट केला आणि मोठ्या कौतुकाने घरी कळवला. वडिलांचं उत्तर आलं ते थंड पाण्याची बादली. पुढे तो घोळक्यातून निघून ओतई या पॅरिसजवळच्या खेड्यात राहिला, लुआर नदीच्या काठाने पायी फिरला, तेव्हा कुठे फ्रेंच जिभेवर बसायला लागली.

आता पुढे कुठे जायचं? बॉस्टनचे प्राध्यापक जॉर्ज टिकनर, जे स्वतः हार्वर्डला भाषा शिकवत, त्यांनी जर्मनीला जा म्हणून बजावलं होतं. वडिलांनी मात्र व्यवहार पाहिला. दक्षिण अमेरिकेतले देश नुकतेच स्वतंत्र झाले होते, त्यांच्याशी व्यापार वाढत होता आणि तिथली भाषा स्पॅनिश. नोकरी हवी तर फ्रेंच आणि स्पॅनिश दोन्ही चोख आल्या पाहिजेत असं त्यांनी कळवलं. गंमत अशी की साहित्यवेड्या मुलाला त्याच्या आयुष्यातली सगळ्यात रोमँटिक सफर घडली ती वडिलांच्या या हिशोबी सल्ल्यामुळे.

स्पेन त्या वेळी अभ्यासाला जायची जागा नव्हती. राजा फर्नांडो सातवा याने १८२३ मध्ये फ्रेंच फौजेच्या मदतीने राज्यघटना मोडीत काढली होती, आणि ती फौज अजून देशात होती. उदारमतवादी लोक तुरुंगात नाहीतर परदेशात पळालेले. छापण्यावर बंदी. रस्त्यांवर दरोडेखोर. कुणी मारला गेला की त्या जागी रस्त्याच्या कडेला लाकडी क्रूस रोवत, आणि असे क्रूस खिडकीतून मोजता येतील इतके होते. फेब्रुवारी १८२७ मध्ये हेन्री पॅरिसहून निघाला. बोर्दो, बायोन, मग सीमेवरची बिदासोआ नदी ओलांडून खेचरांच्या गाडीने आत. विसावा वाढदिवस वाटेतच झाला. केक-बिक काही नाही. मार्चच्या पहिल्या आठवड्यात तो माद्रिदला पोचला.

हा माणूस दोनशे वर्षांपूर्वी एकटा परक्या देशात कसा रुळला, ते वाचायला मला सगळ्यात जास्त मजा आली.

पहिली गोष्ट, त्याने पॅरिसची चूक परत केली नाही. माद्रिदमध्ये अमेरिकन माणसं बोटावर मोजण्याइतकी होती, हेही त्याच्या पथ्यावर पडलं. त्यातलाच एक अलेक्झांडर स्लायडेल, अमेरिकन नौदलातला तरुण अधिकारी. काही महिन्यांपूर्वी स्पेनच्या पूर्व किनाऱ्याच्या रस्त्यावर तो बसलेली गाडी लुटली गेली होती, आणि गाडीवान व त्याच्या हाताखालचा पोरगा दोघांना त्याच्या समोर ठार मारलं होतं. एवढं होऊनही तो स्पेन सोडून गेला नव्हता. हेन्री राहिला ते स्लायडेलच्या ओळखीच्या स्पॅनिश कुटुंबात, शहराच्या मध्यभागी, मोंतेरा रस्त्याच्या परिसरात. पुएर्ता देल सोल हा माद्रिदचा गजबजलेला चौक तिथून चार पावलांवर.

घरमालकांची मुलगी फ्लोरेन्सिया त्याच्याच आसपासच्या वयाची. हेन्रीची खरी स्पॅनिश तिच्या आणि घरच्यांच्या गप्पांत तयार झाली. (हॉस्टेलची मंडळी आता जे विचारणार आहे त्याचं उत्तर: चरित्रात मैत्रीच्या पलीकडचं काही दिलेलं नाही. मीसुद्धा ते पान दोनदा वाचलं.) ग्रामरचं पुस्तक होतंच. पण जेवणाच्या टेबलावर रोज तीच माणसं, दुपारी शहर झोपतं ते, संध्याकाळी सगळं गाव प्रादोच्या झाडांखाली फिरायला निघतं ते, रात्री एकमेकांच्या घरी नुसत्या बोलण्यासाठी जमतात ती ‘तेर्तुलिया’, यात भाषा आपोआप कानात जाते. आपल्याकडे नांदेडचा मुलगा पुण्याच्या हॉस्टेलला आला की सहा महिन्यांत त्याचं बोलणं बदलतं, तसंच.

उन्हाळा आला तेव्हा तो या कुटुंबाबरोबर ग्वादारामा डोंगरांच्या बाजूला एल पार्दिलो नावाच्या खेड्यात जाऊन राहिला. मातीची घरं, शेतं, चर्च, आणि संध्याकाळी चौकात नाचगाणं. राजवाडे-चित्रं सगळे प्रवासी बघतात, पण गरीब खेड्यात शेतकऱ्यांमध्ये राहणारा अमेरिकन तेव्हा विरळाच. पुढे ‘उत्र-मेर’ या प्रवासवर्णनात त्याने या खेड्याला स्वतंत्र प्रकरण दिलं. स्लायडेलबरोबर तो सेगोव्हिया आणि एस्कोरियललाही जाऊन आला.

माद्रिदमध्ये आणखी एक अमेरिकन होता. वॉशिंग्टन अर्व्हिंग! हेन्री बारा वर्षांचा असताना त्यांच्या ‘स्केच बुक’ने त्याला वेड लावलं होतं. आणि आता तेच अर्व्हिंग त्याच शहरात, वकील असलेले ओबादिया रिच (कोर्टातले नव्हे, अमेरिकन सरकारचे वकील, म्हणजे कॉन्सुल) यांच्या घरी, हजारो जुन्या स्पॅनिश ग्रंथांमध्ये बसून कोलंबसचं चरित्र लिहीत होते. आपला आवडता लेखक प्रत्यक्षात कसा असेल याची धास्ती असते ना? अर्व्हिंग अगदी साधे, मोकळे निघाले. पण हेन्रीच्या मनावर ठसली ती दुसरीच गोष्ट. उन्हाळ्यात एकदा सकाळी सहाच्या सुमाराला तो त्या घरावरून चालला होता, तर अर्व्हिंगची खिडकी उघडी, म्हणजे स्वारी तेव्हाच कामाला लागलेली. तो सीन त्याला आयुष्यभर विसरता आला नाही. बत्तीस वर्षांनी, १८५९ मध्ये अर्व्हिंग वारले, तेव्हा श्रद्धांजलीच्या भाषणात त्याने ही खिडकीच सांगितली. वडील म्हणत होते लिहिण्यावर पोट भरत नाही, आणि इथे एक अमेरिकन माणूस लिहिण्याकडे रोजच्या ड्यूटीसारखं बघत होता.

सप्टेंबरात हेन्रीने माद्रिद सोडलं. कोर्दोबा, सेव्हिया, कादिझ, जिब्राल्टर, मालागा आणि ग्रानादाचा अल्हाम्ब्रा. अल्हाम्ब्रावर जगप्रसिद्ध पुस्तक अर्व्हिंगनी लिहिलं खरं, पण तिथे आधी पोचला हेन्री, कारण अर्व्हिंग १८२८ मध्ये गेले. डिसेंबर १८२७ मध्ये हेन्री समुद्रमार्गे मार्सेयला पोचला. स्पेनमध्ये सगळे मिळून फक्त नऊ-एक महिने.

यानंतर इटलीत वर्ष गेलं. इटालियन इतकी पक्की झाली की व्हेनिसच्या हॉटेलात लोक त्याला इटालियनच समजत. आणि नेमकं तिथे असताना त्याला घरून बातमी कळली की कॉलेजने शब्द फिरवला. वय लहान म्हणून प्रोफेसर नाही, नुसती ट्यूटरची जागा देऊ. वडिलांनी अडीच वर्षं पैसे पाठवले होते. त्याने वडिलांना फार संतापून लिहिलं, असली जागा घेणार नाही म्हणून. मग जर्मनीत ग्योटिंगेनला थोडा काळ काढला. त्याच वर्षी, १८२९ मध्ये, तो युरोपात असतानाच पोर्टलँडला त्याची बहीण एलिझाबेथ वारली. तेव्हा पत्र समुद्र ओलांडून यायला कित्येक आठवडे लागत, उत्तर जाईपर्यंत सगळं घडून गेलेलं. आपण व्हिडिओ कॉलवर रेंज नाही म्हणून वैतागतो.

ऑगस्ट १८२९ मध्ये परत आल्यावर त्याने कॉलेजला ट्यूटरची जागा लेखी नाकारली. घरात बसायची पाळी आली असती, पण तो वाकला नाही. सप्टेंबरात विश्वस्त नरमले. प्रोफेसर, वर्षाला ८०० डॉलर, आणि लायब्ररी सांभाळायचे १०० वेगळे. वय बावीस. आता ‘ते’ म्हणायला हरकत नाही.

शिकवायला क्रमिक पुस्तकंच नव्हती, म्हणून लाँगफेलोंनी ती स्वतः तयार करून छापून घेतली. स्पॅनिशच्या वाचनमालेतली एक कथा म्हणजे अर्व्हिंगच्या ‘रिप व्हॅन विंकल’चं स्पॅनिश रूपांतर होतं! १८३३ मध्ये त्यांनी होर्खे मान्रिके या पंधराव्या शतकातल्या स्पॅनिश कवीच्या ‘कोप्लास’चा अनुवाद काढला. ते काव्य एका मुलाने वडिलांच्या मृत्यूवर लिहिलेलं आहे. १८४३ चं ‘द स्पॅनिश स्टुडंट’ हे नाटकही माद्रिदमध्येच घडतं. वडिलांनी नोकरीसाठी शिकायला लावलेली भाषा अशी कवितेच्या कामी आली.

बाकीचं आयुष्य शाळेतल्या टीचरनी सांगितलेलंच आहे, त्यामुळे पटकन सांगते. पहिली पत्नी मेरी १८३५ मध्ये युरोपच्या दुसऱ्या प्रवासात रॉटरडॅमला वारली. मग हार्वर्डची प्रोफेसरी, टिकनर यांच्याच जागेवर. अमाप प्रसिद्धी. १८५४ मध्ये नोकरी सोडून फक्त लेखन, म्हणजे पोट भरलं की! जुलै १८६१ मध्ये दुसरी पत्नी फॅनी हिच्या कपड्यांना घरात आग लागली. विझवताना त्यांचेही हात आणि चेहरा भाजले. ती वाचली नाही. चेहऱ्यावर दाढी करणं अवघड झालं, म्हणून वाढवली ती दाढी. शाळेच्या पुस्तकातला तो फोटो मी आता वेगळ्या नजरेने बघते.

१८६८ मध्ये ते मुलींना घेऊन शेवटचे युरोपात गेले. इंग्लंडमध्ये केंब्रिजने मानद पदवी दिली, राणी व्हिक्टोरियाने बोलावून घेतलं. इटलीला गेले. स्पेनला मात्र ते १८२७ नंतर कधीच परत गेले नाहीत. तिथे जाऊन बघितलं तर मनातलं स्पेन पुसलं जाईल अशी त्यांना भीती वाटायची. १८७८ च्या संग्रहात त्यांची एक कविता आहे, तिच्या नावाचा इंग्रजीतला अर्थ ‘मनोराज्यं’ असा होतो, पण शब्दशः ते ‘स्पेनमधले किल्ले’ असं आहे. तेव्हा ते सत्तरी ओलांडलेले होते, आणि कवितेत विसाव्या वर्षी बघितलेला सगळा रस्ता क्रमाने येतो, शेवटी ग्रानादापर्यंत. २४ मार्च १८८२ ला ते गेले.

चरित्राचं पुस्तक मी परत केलंय. मागच्या रॅकवर, खालून दुसऱ्या कप्प्यात आहे. माझ्याआधी ते शेवटचं कोणी नेलं होतं बघायला कार्ड काढलं, तर कार्ड कोरं होतं.