तियात्राचे जनक जुआंव आगोस्तीन फर्नांडिस

वसईच्या ख्रिस्ती गांवांतून हौशी नाटकांची आवड जुनी आहे. गिरीजसारख्या गांवांतील ज्या मुलानें तोंडाला रंग लावून एकदां तरी रंगमंचावर पाऊल टाकलें असेल, त्याला पहिल्या प्रयोगाच्या रात्रीची धडधड आम्हीं समजावून सांगण्याचें कारण नाहीं. परंतु अशा हौशी नटांच्या कलेला ज्या पुरुषानें मान मिळवून दिला, त्याचें चरित्र आपल्या मुलामुलींस फारसें ठाऊक नसतें. तें येथें थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

जुआंव आगोस्तीन फर्नांडिस यांचा जन्म १४ डिसेंबर १८७१ रोजीं गोव्यांतील मडगांवच्या बोर्डा भागांत झाला. गोवा त्या वेळीं पोर्तुगीजांच्या अमलाखालीं होता. आपली वसईही १५३४ पासून १७३९ पर्यंत त्याच सत्तेखालीं होती. त्यामुळें गोव्याच्या आणि वसईच्या ख्रिस्ती लोकांचीं नांवें, सण आणि गाणींबजावणीं यांत पुष्कळ साम्य आढळतें. पोटाच्या उद्योगासाठीं सहस्रावधि गोवेकर तेव्हां मुंबईस येत. कोणी आचारी, कोणी शिंपी, कोणी वाजंत्री, तर कोणी आगबोटीवरील खलाशी. धोबी तलाव व कावेल या भागांत त्यांच्या गांवोगांवच्या ‘कुडी’ म्हणजे सामायिक बिऱ्हाडें असत. जुआंव आगोस्तीनही याच वाटेनें मुंबईस आले.

या कष्टकरी लोकांची करमणूक म्हणजे गांवाकडून आणलेले जागर व खेळ. त्यांत विनोद होता, गाणीं होतीं. परंतु पुष्कळदां ग्राम्यपणाही इतका असे, कीं सुशिक्षित मंडळी तिकडे नाक मुरडीत. घरीं बोलली जाणारी कोंकणीही अशा मंडळींस हलकी वाटे. आपल्या भाषेंत नीटनेटकें नाटक होऊं शकेल, असें फारच थोड्यांना वाटत होतें. त्या थोड्यांपैकीं एक होते लुकाझिन रिबेरो. मुंबईस आलेल्या एका इटालियन संगीत नाटकमंडळीचे खेळ पाहून ते इतके मोहित झाले, कीं त्या मंडळीबरोबरच त्यांनीं प्रवास केला. परत येतांना तिच्याकडील कांहीं पोशाख विकत घेऊन ते मुंबईस आले आणि कोंकणी नाटकाच्या तयारीस लागले. त्यांनीं जमविलेल्या मोजक्या नटांत वीस वर्षांचे जुआंव आगोस्तीन होते.

तारीख १७ एप्रिल १८९२, ईस्टरचा रविवार. उपासकाळाचे चाळीस दिवस संपून घरोघरीं आनंद चालू होता. त्या दिवशीं मुंबईच्या न्यू आल्फ्रेड थिएटरांत ‘इटालियन भुरगो’, म्हणजे इटालियन मुलगा, या नाटकाचा पहिला प्रयोग झाला. नट सगळे पुरुष. स्त्रियांच्या भूमिकाही त्यांनींच करावयाच्या. पाठीशीं ना परंपरा होती ना राजाश्रय. खेळ फसला असता, तर कोंकणीची हेटाळणी करणारांस आणखी एक निमित्त मिळालें असतें. पण तसें झालें नाहीं. त्या रात्रीं जन्मास आलेला नाट्यप्रकार ‘तियात्र’ या नांवानें रूढ झाला, आणि १७ एप्रिल हा दिवस आजही तियात्र दिन म्हणून पाळला जातो.

पहिला मान रिबेरो यांचा खरा. परंतु त्यांचें तें नाटक परक्या कथेवर बेतलेलें होतें. आपल्या लोकांच्या जीवनांतून कथा घेऊन नवें नाटक रचण्याचें काम जुआंव आगोस्तीन यांनीं अंगावर घेतलें. १८९५ सालीं त्यांचें ‘कावेलची सुंदरी’ हें नाटक रंगभूमीवर आलें. त्यांतील कावेल म्हणजे प्रेक्षकांच्या रोजच्या पायाखालची वस्ती! तियात्राची घडणही मोठी सोयीची आहे. एक प्रवेश संपून पडदा पडला म्हणजे रंगमंच रिकामा राहत नाहीं; पुढें येऊन नट ‘कांतारां’ म्हणजे गाणीं म्हणतात. हीं गाणीं मूळ कथेशीं बांधलेलीं नसतात. त्यांत कधीं थट्टा असते, कधीं उपदेश, तर कधीं सत्तेवर उघड टीका.

यानंतर सांगावयाची गोष्ट आम्हांस सर्वांत थोर वाटते. १९०४ सालीं ‘बाटकारा’ या नाटकांत जुआंव आगोस्तीन यांनीं स्त्रीची भूमिका स्त्रीकडेच सोंपविली, आणि ती स्त्री म्हणजे त्यांची स्वतःची पत्नी रेजिना फर्नांडिस. घरंदाज स्त्रीनें तिकिटें काढून आलेल्या लोकांपुढें उभें राहणें त्या काळीं कमीपणाचें मानलें जाई. मराठी रंगभूमीकडे पाहिलें, तर पुढच्याच वर्षीं, १९०५ सालीं, बालगंधर्वांनीं किर्लोस्कर मंडळींत प्रवेश केला व स्त्रीभूमिकांनीं महाराष्ट्रास वेड लावलें. घरंदाज स्त्रियांनीं भूमिका केलेलें ‘आंधळ्यांची शाळा’ हें नाटक येण्यास १९३३ साल उजाडावें लागलें. दुसऱ्याच्या लेकीसुनेस पुढें न करितां जुआंव आगोस्तीन यांनीं सुधारणेचा आरंभ आपल्या घरापासून केला. यांत त्यांचें जेवढें धैर्य, तेवढेंच, किंबहुना कांकणभर अधिक, रेजिनाबाईंचें. कारण लोकांच्या नजरा झेलावयाच्या होत्या त्या त्यांनाच. कोंकणी तियात्राची पहिली अभिनेत्री म्हणून त्यांचें नांव राहिलें.

‘बाटकारा’चा विषयही नाजूक होता. भाटकार म्हणजे जमीनदार, आणि त्याच्या जमिनीवर घर बांधून राहणारा तो मुंडकार. मुंडकाराचें घर भाटकाराच्या मर्जीवर उभें असे. प्रेक्षकांतील कित्येकांनीं हें दुःख गांवीं स्वतः भोगलेलें होतें. पुढेंही त्यांच्या नाटकांत मजूर व कुणबी यांसारखीं साधीं माणसें कथेच्या मध्यभागीं येत राहिलीं. ज्या समाजाला आरशांत पाहण्याची लाज वाटत होती, त्याच्यापुढें त्यांनीं आरसा धरला, आणि तोही त्याच्याच भाषेंत.

१९४७ सालीं ते निवर्तले. लोक त्यांना ‘पाय तियात्रिस्त’ म्हणतात. कोंकणींत पाय म्हणजे पिता. मडगांवच्या रवींद्र भवनांतील नाट्यगृहासही हेंच नांव दिलें आहे.

विद्यार्थी मित्रहो, हे गृहस्थ कोणी राजे अथवा सेनापति नव्हते. परक्या शहरीं पोट भरावयास आलेल्या सामान्य लोकांपैकीं ते एक होते. घरची बोली शाळेंत ऐकूं आली म्हणजे आपल्यापैकीं कांहींजण हंसतात. त्यांनीं हें चरित्र अवश्य मनांत घोळवावें. आणि पालकांस आमची एवढीच विनंती आहे, कीं आपली कन्या नाटकांत काम करूं इच्छीत असेल, तर नकार देण्यापूर्वीं रेजिनाबाईंचें स्मरण करावें.