आदरणीय खदीजा (रजि.) : व्यापार आणि घर

वाचकहो, हंगामाच्या दिवसांत उदगीरच्या मोंढ्यात तूर-सोयाबीनच्या पोत्यांच्या थप्प्या लागतात, तेव्हा आडत दुकानाच्या गादीवर स्त्री क्वचितच दिसते. पण आपल्याच गल्ल्यांत शिलाई यंत्रे रात्री उशिरापर्यंत चालतात, कपड्यांचा व्यवहार घराच्या ओसरीवरून होतो, शेवया-पापडांच्या पैशांतून मुलांची फी भरली जाते. जुम्याच्या नमाजनंतर कधी एखादे लेकरू आईची चिठ्ठी माझ्या हाती देते. व्यवसाय केल्याने घराचा हक्क बुडतो काय, आणि माझ्या कमाईवर अधिकार कोणाचा, असे तिने विचारलेले असते. यातला दुसरा प्रश्न विचारण्यास अधूनमधून एखादा पतीही येतो; मात्र त्याच्या सुरात उत्तर आधीच ठरलेले असते. अशा वेळी मला मक्केतील एक घर आठवते. त्या घराची मालकीण होती आदरणीय खदीजा बिन्त खुवैलिद (रजि.).

मक्केची भूमी नापीक. हिवाळ्यात यमनकडे आणि उन्हाळ्यात शामकडे जाणाऱ्या तांड्यांवर कुरैशांचे पोट चाले. कुरआनच्या सूरह कुरैशमध्ये या दोन प्रवासांचा उल्लेख आहे. या कुरैशांतील बनू असद घराण्यात खदीजा (रजि.) जन्मल्या. दोन वेळा विवाह झाला, दोन्ही वेळा वैधव्य आले. पदरी मुले होती. ज्या समाजात मुलगी जिवंत पुरली जाई आणि विधवा ही मयताच्या मालमत्तेसारखी वारसांच्या ताब्यात जाई, त्या समाजात ही स्त्री स्वतःच्या नावाने व्यापार करीत होती आणि लोक तिला ताहिरा, म्हणजे पवित्र, या नावाने ओळखत होते.

हे तिने कसे साधले, याकडे नीट पाहा. खदीजा (रजि.) स्वतः तांड्याबरोबर जात नसत. शामची वाट एका बाजूने महिनाभराची होती. त्या आपले भांडवल विश्वासू माणसाच्या हाती देत आणि नफ्यात त्याचा वाटा ठरवीत. फिकहच्या भाषेत या व्यवहाराला मुदारबत म्हणतात. आपल्या शेतकरी वाचकांना बटईची रीत ठाऊक आहे. एकाची जमीन, दुसऱ्याचे कष्ट आणि पिकात दोघांचा हिस्सा. मुदारबतमध्ये जमिनीच्या जागी भांडवल असते. नफा झाला तर दोघांचा. माणसाची कसूर नसताना तोटा झाला तर तो भांडवलवाल्याचा, आणि कष्ट करणाऱ्याचे श्रम वाया जातात. ठरावीक व्याज येथे नाही. प्रवास त्यांनी दुसऱ्यांवर सोपवला, पण माणसाची निवड आणि हिशेब स्वतःकडे ठेवला. घर आणि व्यापार एकाच छताखाली नांदू शकले ते या व्यवस्थेमुळे. सर्व कामे एकट्या बाईने एकाच दिवसात उरकावीत, अशी जी अपेक्षा आज आपण आपल्या लेकीसुनांकडून करतो, तिला या चरित्रात आधार नाही.

माणसाच्या याच निवडीतून त्यांच्या आयुष्याला वळण मिळाले. मक्केत अल-अमीन म्हणून नावाजलेल्या २५ वर्षांच्या मुहम्मद (स.) यांची सचोटी त्यांच्या कानी आली. त्यांनी आपला माल आणि सोबत मैसरा हा गुलाम देऊन त्यांना शामला पाठवले. नफा नेहमीपेक्षा अधिक झाला. पण मैसराने परत येऊन जे सांगितले ते नफ्याहून मोलाचे होते. व्यवहारातील स्वच्छता आणि सोबत्याशी असलेली सौम्यता, हे त्याने वाटेवर डोळ्यांनी पाहिले होते. खदीजा (रजि.) यांनी नफीसा या मैत्रिणीमार्फत विवाहाचा विचार कळवला. श्रीमंत सरदारांची मागणी नाकारणाऱ्या स्त्रीने निर्धन तरुणाची निवड केली! त्यांचे वय प्रचलित कथनानुसार ४० वर्षे होते. काही कथनांत ते २८ आहे. इब्न हिशाम यांच्या चरित्रग्रंथानुसार महर म्हणून २० तरुण उंटिणी देण्यात आल्या. वधू धनवान आहे म्हणून महर माफ झाला नाही, हे आपल्याकडच्या निकाहात नाममात्र रक्कम लिहून मोकळे होणाऱ्यांनी लक्षात घ्यावे.

पुढची २५ वर्षे हे घर नांदले. कासिम, जैनब, रुकैया, उम्मे कुलसूम, फातिमा आणि अब्दुल्लाह ही अपत्ये झाली. दोन्ही मुलगे बालपणीच गेले. चुलते अबू तालिब यांची ओढाताण पाहून लहानग्या अलींना याच घरात आणले गेले. जैद हे खदीजांना (रजि.) मिळालेले गुलाम, त्यांनी ते पतीला दिले आणि पतीने त्यांना मुक्त करून पुत्रवत वाढवले. ज्या प्रेषितांच्या (स.) सवयींत स्वतःचे जोडे शिवणे आणि घरकामात हात लावणे होते, ते या घराचे पुरुष होते. समतोल हा शब्द आपण केवळ स्त्रीच्या गळ्यात बांधतो, म्हणून हे सांगितले.

हिरा गुहेतील एकांताच्या दिवसांत शिदोरीची तजवीज याच घरातून होई. पहिल्या प्रकटनानंतर प्रेषित (स.) थरथरत घरी आले, तेव्हा खदीजांनी (रजि.) त्यांना पांघरूण घातले, धीर दिला. नातेवाइकांशी सलोखा, दुर्बलांचा भार उचलणे, पाहुणचार, या त्यांच्या गुणांची त्यांना आठवण करून दिली आणि चुलतभाऊ वरका बिन नौफल यांच्याकडे नेले. माणूस पारखण्याची जी दृष्टी व्यापारात कमावली होती, ती त्या रात्री कामी आली, असे मला वाटते. सर्वप्रथम श्रद्धा ठेवणारी व्यक्ती त्याच होत.

मग धन खर्च होऊ लागले. येथे थोडे थांबतो. पत्नीची कमाई आपल्या हाती यावी म्हणून काही बंधू हाच प्रसंग ऐकवतात. खदीजांनी (रजि.) दिले, हे खरे. परंतु पती म्हणून प्रेषितांनी (स.) त्या धनावर हक्क सांगितल्याचे चरित्रग्रंथांत आढळत नाही. सूरह निसामध्ये पुरुषाच्या कमाईत पुरुषाचा आणि स्त्रीच्या कमाईत स्त्रीचा वाटा सांगितला आहे; पत्नी कमावती झाली म्हणून घरखर्चाची जबाबदारी पतीच्या खांद्यावरून उतरत नाही. तिने आनंदाने दिले तर ते पुण्य आहे. दडपणाखाली घेतले तर घेणाऱ्याने अल्लाहसमोर जाब देण्याची तयारी ठेवावी.

कुरैशांनी बनू हाशिमवर बहिष्कार टाकला, तेव्हा सुमारे तीन वर्षे खदीजा (रजि.) शिअब-ए-अबी तालिबमध्ये राहिल्या. जिच्या मालाने उंटांचे तांडे भरत, तिच्यासाठी पुतण्या हकीम बिन हिजाम लपतछपत गहू आणत असे. एकदा अबू जहलने त्याला वाटेतच अडवले. बहिष्कार उठल्यानंतर लवकरच, प्रेषितत्वाच्या १० व्या वर्षी, रमजानमध्ये त्यांचे निधन झाले. हजून येथे त्यांना दफन करण्यात आले. प्रेषित (स.) स्वतः कबरीत उतरले.

वर्षे लोटली. हिजरतीच्या दुसऱ्या वर्षी बद्रच्या युद्धात जैनब (रजि.) यांचे पती अबुल आस बंदी झाले. ते तेव्हा मुस्लिम नव्हते. त्यांच्या सुटकेसाठी जैनबने मक्केहून जी खंडणी पाठवली, तीत एक हार होता. लग्नात आईने, खदीजांनी (रजि.), लेकीच्या गळ्यात घातलेला. तो पाहताच प्रेषितांचे (स.) मन भरून आले. त्यांनी हुकूम दिला नाही. सोबत्यांना योग्य वाटत असेल तर बंदी सोडावा आणि जैनबची वस्तू जैनबला परत द्यावी, एवढेच सुचवले. सोबत्यांनी मान्य केले, आणि अबुल आस तो हार घेऊन मक्केच्या वाटेला लागले.