अफूतून मॉर्फिन वेगळं काढणारा औषधाच्या दुकानातला पोरगा

खसखस आणि अफू एकाच झाडापासून मिळतात. बी म्हणजे खसखस, आणि कच्च्या बोंडाला चिरा मारल्यावर पाझरून वाळलेला चीक म्हणजे अफू. दुखण्यावर अफू द्यायची, हे वैद्यांना आणि हकिमांना शेकडो वर्षांपासून ठाऊक होतं. पण द्यायची किती? एका शेतातला चीक जहाल, दुसऱ्यातला सौम्य. त्यामुळे काल ज्या मात्रेनं वेदनाही थांबली नाही, तेवढ्याच मात्रेनं आज पेशंट कायमचा झोपायचा.

हा घोळ सोडवला फ्रेडरिक सर्टुर्नर या जर्मन तरुणानं.

त्याचा जन्म १७८३ चा. वडील लवकर गेले. विद्यापीठाची पायरी न चढता तो पाडेरबोर्न गावातल्या एका औषधाच्या दुकानात उमेदवारी करू लागला. तिथंच, विशीच्या आसपास, त्याला प्रश्न पडला की अफूतलं नेमकं काय माणसाला झोपवतं?

त्यानं अफूचा अर्क काढून त्यात अमोनिया घातला. तळाशी स्फटिक जमले. ते कुत्र्याला खाऊ घातले, तर कुत्रा गुंगला. अफूतलं आम्ल त्यानं वेगळं काढून पाहिलं, त्यानं मात्र झोप येईना. म्हणजे गुण होता तो स्फटिकांत, आणि हे स्फटिक आम्लाच्या उलट, अल्कलीसारखे वागत होते. वनस्पतीतून असं काही मिळू शकतं, हे तेव्हाच्या रसायनशास्त्राच्या हिशोबातच नव्हतं.

१८०५-०६ च्या सुमारास त्यानं हे छापलं. कुणी फारसं लक्ष दिलं नाही. दुकानातल्या पोराचं कोण ऐकणार?

मग आला तो प्रयोग, जो आज कुठलीही एथिक्स कमिटी दारातच अडवेल. सर्टुर्नरनं स्वतः आणि सतरा वर्षांच्या आतल्या तीन मुलांनी हे स्फटिक घेतले. एका वेळी सुमारे ३० मिलिग्रॅम, असं तासाभराच्या आत तीनदा. आधी चेहरे लाल झाले, मग मळमळ, मग गुंगी. आपण विषाच्या जवळ पोचलोय हे लक्षात आल्यावर त्यानं कडक व्हिनेगर पाजून उलट्या करवल्या. चौघंही वाचले. मुलांना यात ओढणं चूकच होतं, पण त्यातून पहिल्यांदाच मोजून दिलेल्या मात्रेचा माणसावरचा परिणाम नोंदला गेला.

१८१७ साली त्यानं सविस्तर लेख छापला. स्वप्नांचा ग्रीक देव मॉर्फियस, त्यावरून पदार्थाचं नाव ठेवलं मॉर्फियम. यावेळी पॅरिसच्या गे-ल्युसॅक या बड्या शास्त्रज्ञाची नजर त्यावर गेली. त्यानं लेखाचं फ्रेंच भाषांतर करवून घेतलं आणि मॉर्फिन हे नाव रुळलं. मग झाडांतून असे पदार्थ काढायची रांगच लागली. १८१८ मध्ये स्ट्रिकनिन, १८२० मध्ये सिंकोनाच्या सालीतून क्विनाइन. या सगळ्या कुटुंबाला आज आपण अल्कलॉइड म्हणतो.

श्रेयावरून फ्रेंचांशी वाद झाला, पण १८३१ मध्ये फ्रान्सच्याच संस्थेनं त्याला २००० फ्रँकचं बक्षीस दिलं. तोवर डार्मस्टाटच्या मर्क यांनी मॉर्फिन विकायलाही सुरुवात केली होती.

सर्टुर्नर मात्र शेवटपर्यंत औषधंच विकत राहिला. पुंगीवाल्याच्या गोष्टीतल्या हॅमेलिन गावात त्याचं दुकान होतं, आणि १८४१ साली तिथंच तो वारला.