पायांतल्या आगीला नाव देणारे डॉ. मिचेल

भोसरी-चाकणच्या उन्हाळ्यात शाळेतून आलेले मूल बूट भिरकावून थेट बादलीत पाय बुडवते, यात कोणाला वावगे वाटत नाही. मात्र तळवे लालबुंद होऊन त्या आगीने मूल रात्र रात्र तळमळत असेल, तर तो एरिथ्रोमेलाल्जिया हा दुर्मिळ विकार असू शकतो. त्याला हे नाव १८७८ मध्ये अमेरिकी चेताविकारतज्ज्ञ डॉ. सायलस वेअर मिचेल यांनी दिले.

मिचेल यांचा जन्म १५ फेब्रुवारी १८२९ रोजी फिलाडेल्फियात, डॉक्टर पित्याच्या घरी झाला. वैद्यकीची पदवी घेऊन ते पॅरिसला क्लोद बर्नार यांच्याकडे शिकले आणि परतल्यावर सर्पविषाच्या संशोधनात रमले. १८६२ मध्ये पहिली पत्नी घटसर्पाने गेली. देशात यादवी युद्ध पेटलेले होते. टर्नर्स लेन येथील लष्करी रुग्णालयात चेतातंतू दुखावलेले सैनिक त्यांच्या हाती आले. जखम भरली तरी हात जळत असल्याची तक्रार हे जवान करीत, ओले फडके सोडत नसत, काही जण तर बुटात पाणी ओतून घेत. अशांना कामचुकार ठरविणे सोपे होते. मिचेल यांनी त्यांचे म्हणणे खरे मानले आणि बारकाईने नोंदवून ठेवले. कापलेल्या अवयवातही वेदना जाणवते, हेही त्यांनीच तपशिलाने मांडले.

हाच वैद्य स्त्रियांच्या बाबतीत मात्र चुकला. सक्तीच्या अंथरुणवासाचा त्यांचा उपचार शार्लट पर्किन्स गिलमन यांना असह्य झाला. त्यातूनच १८९२ मध्ये त्यांची गाजलेली कथा जन्मली. मिचेल कादंबरीकार म्हणूनही नावाजले. ४ जानेवारी १९१४ रोजी त्यांचे निधन झाले.

हा विकार रक्तवाहिन्यांचा की चेतातंतूंचा, हा प्रश्न त्यांच्या पश्चात रेंगाळला. लालीमुळे दोष रक्तवाहिन्यांकडे जाई. २००४ मध्ये चिनी संशोधकांना आनुवंशिक प्रकारामागे एससीएन९ए या जनुकातील दोष आढळला. वेदना वाहणाऱ्या तंतूंतील सोडियमची दारे त्यामुळे सहज उघडतात आणि थोड्याशा उबेनेही आग भडकते. हा प्रकार बहुधा बालपणीच सुरू होतो. पाय उंच ठेवणे, पंख्याचा वारा घेणे, उष्णता टाळणे हे प्राथमिक उपाय आहेत. बर्फाच्या पाण्याने क्षणभर आराम पडतो, पण सतत भिजून कातडी सडते, जखमा चिघळतात. मेक्सिलेटीन हे हृदयाच्या ठोक्यांसाठीचे जुने औषध काही मुलांना गुणकारी ठरले आहे. ते तज्ज्ञांच्या देखरेखीखाली, हृदयाचा आलेख काढूनच दिले जाते.