लिलियन गिलब्रेथ: ऑफिस आणि घर, दोन्हीकडची टेक्नॉलॉजी माणसाच्या सोयीने लावणारी इंजिनिअर

तुमच्या घरात पायाने झाकण उघडायचा डस्टबिन आहे का? आणि फ्रिजच्या दाराला आतून अंडी, बटर ठेवायचे कप्पे? या दोन्ही गोष्टींचं श्रेय बहुतेक ठिकाणी एकाच व्यक्तीला दिलं जातं. तिचं नाव लिलियन गिलब्रेथ, अमेरिकेतल्या इंजिनिअर.

त्यांना जाऊन आता ५० हून जास्त वर्षं झाली. स्मार्टफोन त्यांनी पाहिला नाही. पण हाताशी इतकी यंत्रं, इतकी ॲप्स असूनही दिवस पुरत का नाही, हा जो प्रश्न आपल्याला रोज पडतो, त्यावरच त्यांनी आयुष्यभर काम केलं. म्हणून आज त्यांची गोष्ट.

साहित्य शिकलेली इंजिनिअर

लिलियन यांचा जन्म २४ मे १८७८ चा, कॅलिफोर्नियातल्या ओकलंड शहरातला. घर खाऊनपिऊन सुखी, भावंडांत त्या सगळ्यात मोठ्या. स्वभावाने इतक्या लाजाळू की नऊ वर्षांच्या होईपर्यंत त्यांचं शिक्षण घरीच झालं. मुलीने कॉलेजला जावं हे वडिलांना सुरुवातीला पटत नव्हतं. तरी त्या बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात गेल्या, १९०० मध्ये पदवीधर झाल्या आणि तिथल्या पदवीदान समारंभात भाषण करणाऱ्या पहिल्या महिला ठरल्या. १९०२ मध्ये एम.ए. केलं, तेही साहित्यात. इंजिनिअरिंगचा तोपर्यंत काही संबंध नव्हता.

तो आला १९०४ मध्ये, फ्रँक गिलब्रेथ यांच्याशी लग्न झाल्यावर. फ्रँक बांधकाम कंत्राटदार होते. त्यांनी गवंड्याच्या हाताखाली वीट रचायला शिकून सुरुवात केली होती. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं होतं की प्रत्येक गवंडी वेगळ्या पद्धतीने वीट लावतो आणि प्रत्येक विटेसाठी कमरेत वाकतो. फ्रँकनी उंची कमी-जास्त करता येणारी परांची बनवली, विटा आणि मसाला हाताच्या उंचीवर आणला. एक वीट लावायला १८ हालचाली लागायच्या, त्या ५ च्या आसपास आल्या. तासाला १२० विटा लावणारा गवंडी ३५० विटा लावू लागला.

इथे एक गोष्ट बघा. वीट तीच, थापी तीच, माणूसही तोच. बदलली ती फक्त मांडणी.

कॅमेऱ्याने केलेलं प्रोफायलिंग

१९१२ च्या सुमारास दोघांनी कामगारांचं काम सिनेमाच्या कॅमेऱ्याने शूट करायला सुरुवात केली. फ्रेममध्ये एक मोठं घड्याळ ठेवायचं, म्हणजे कुठल्या हालचालीला किती वेळ गेला ते नंतर मोजता येईल. कधी कामगाराच्या बोटांना छोटे दिवे लावून लाँग एक्स्पोजर फोटो काढायचा. फोटोत हाताचा सगळा प्रवास उजेडाच्या रेषेसारखा उमटायचा.

मग प्रत्येक कामाचे बारीक तुकडे पाडले: शोधणं, पकडणं, धरून ठेवणं, वापरणं, वाट बघणं, विश्रांती घेणं. या तुकड्यांना त्यांनी 'थर्बलिग' म्हटलं. गिलब्रेथ हे आडनाव जवळजवळ उलटं लिहिलं की हा शब्द तयार होतो!

आमच्या सॉफ्टवेअरच्या कामात याला प्रोफायलिंग म्हणतात. ॲप स्लो चालत असेल तर आधी नवा सर्व्हर घ्यायचा नाही. आधी वेळ नक्की कुठे जातोय ते मोजायचं. बऱ्याचदा तो भलत्याच ठिकाणी जात असतो.

मोजमाप कुणासाठी?

पण मोजमापाला एक दुसरी बाजू होती. त्याच काळात फ्रेडरिक टेलर यांची स्टॉपवॉच लावून काम मोजायची पद्धत गाजत होती आणि कामगारांना तिची धास्ती वाटत होती. १९११ मध्ये वॉटरटाउन इथल्या सरकारी शस्त्र कारखान्यात याच कारणावरून संप झाला. कामगारांची भीती साधी होती: वाचलेली मिनिटं मालकाच्या खिशात जाणार आणि आपल्या वाट्याला फक्त जास्त काम येणार.

लिलियन यांचं खरं योगदान इथे आहे. कामाचा वेग हा फक्त हातांचा विषय नाही, त्यात माणसाचं मन, थकवा आणि स्वाभिमानही येतो, असं त्यांनी मांडलं. याच विषयावर त्यांनी पीएचडीचा प्रबंध लिहिला. कॅलिफोर्निया विद्यापीठाने मात्र विद्यापीठात राहण्याचा नियम पूर्ण झाला नाही म्हणून पदवी नाकारली. तो प्रबंध १९१४ मध्ये पुस्तक म्हणून आला, तेव्हा प्रकाशकाने लेखकाच्या जागी फक्त 'एल. एम. गिलब्रेथ' छापलं, म्हणजे लेखक बाई आहे हे वाचकाला कळू नये. शेवटी लिलियन यांनी ब्राऊन विद्यापीठातून नव्याने काम करून १९१५ मध्ये पीएचडी मिळवली. घरात तेव्हा लहान मुलांची फौज होती!

१९१६ मध्ये दोघांनी थकव्यावर पुस्तक लिहिलं. कामगाराला नीट खुर्ची हवी, पुरेसा उजेड हवा, मधेमधे विश्रांती हवी, असं त्यात सांगितलं. आज आपण ऑफिसमध्ये खुर्ची आणि स्क्रीनची उंची बघतो, त्या विचाराची मुळं या काळात आहेत. तरीही कामगारांच्या मनातला संशय पूर्ण गेला नाही, आणि तो अगदी चुकीचाही नव्हता. मोजमापाचा उपयोग कसा होणार, हे शेवटी मोजणाऱ्याच्या हेतूवर ठरतं.

१४ जून १९२४

या जोडप्याला १२ मुलं झाली. त्यातली एक मुलगी लहानपणीच घटसर्पाने गेली. उरलेल्या ११ मुलांचं घरही त्यांनी एखाद्या कंपनीसारखं चालवलं. बाथरूममध्ये तक्ते लावलेले असायचे. दात घासले, आंघोळ झाली, अंथरूण आवरलं की मुलांनी तिथे खूण करायची. तिथेच ग्रामोफोन वाजायचा, म्हणजे आंघोळ करता करता फ्रेंच आणि जर्मन कानावर पडेल. घरातले निर्णय कौटुंबिक सभेत व्हायचे. जादा कामासाठी मुलांनी बोली लावायची आणि सगळ्यात कमी पैशात करणाऱ्याला ते काम मिळायचं.

मग १४ जून १९२४ ला, युरोपातल्या परिषदांना निघायच्या तयारीत असताना फ्रँक हृदयविकाराने गेले. सगळ्यात धाकटी मुलगी तेव्हा जेमतेम दोन वर्षांची होती. लिलियन यांनी काही दिवसांतच बोट पकडली आणि युरोपात नवऱ्याच्या जागी भाषणं केली.

परत आल्यावर खरी परीक्षा सुरू झाली. बऱ्याच कंपन्यांनी कंत्राटं पुढे चालू ठेवली नाहीत. इतकी वर्षं दोघांनी मिळून केलेलं काम त्यांना फ्रँकचंच वाटत होतं. कारखान्यात बाईचा सल्ला घ्यायला कुणी तयार नव्हतं. घरात ११ मुलं आणि पुढे सगळ्यांचं शिक्षण!

लिलियन यांनी आधी घरातच हालचालींच्या अभ्यासाचे क्लास सुरू केले. कंपन्या आपली माणसं तिथे शिकायला पाठवू लागल्या. न्यूयॉर्कच्या मेसीज या मोठ्या दुकानाचंही काम मिळालं. आणि मग त्यांनी एक हुशारीची गोष्ट केली. कारखान्याचं दार बंद होत असेल तर स्वयंपाकघर हाच कारखाना समजायचा.

स्वयंपाकघराची लॅब

१९२० च्या दशकात अमेरिकेत गॅसच्या शेगड्या, फ्रिज, विजेची उपकरणं घराघरात शिरत होती. पण यंत्र आलं म्हणजे काम हलकं होतंच असं नाही. मिक्सर माळ्यावर खोक्यात असेल, मसाल्याचा डबा एका टोकाला आणि गॅस दुसऱ्या टोकाला असेल, तर उपकरण असून काय उपयोग?

जनरल इलेक्ट्रिकसाठी काम करताना लिलियन यांनी ४,००० हून जास्त बायकांशी बोलून सिंक, शेगडी, ओटा यांची योग्य उंची शोधली. १९२९ मध्ये ब्रुकलिनच्या गॅस कंपनीसाठी त्यांनी नमुना स्वयंपाकघर तयार केलं. शेगडी, ओटा आणि फ्रिज एकमेकांजवळ, रोज लागणाऱ्या वस्तू हाताच्या अंतरावर आणि सामान हलवायला चाकांची ट्रॉली. त्यांच्या पद्धतीने मांडलेल्या स्वयंपाकघरात स्ट्रॉबेरी शॉर्टकेक करून पाहिला, तेव्हा आधी २८१ पावलं चालावी लागायची तिथे ४५ पावलांत काम झालं. वेगवेगळ्या कृती ९७ वरून ६४ वर आल्या.

गंमत म्हणजे लिलियन स्वतः फारसा स्वयंपाक करत नव्हत्या. घरकामाला माणूस होता, सासूबाई होत्या, आणि त्यांच्या घरचं स्वयंपाकघर जुन्याच पद्धतीचं राहिलं. पण म्हणूनच त्यांनी स्वतःच्या अंदाजावर डिझाइन केलं नाही. ज्या बायका रोज ओट्यापाशी उभ्या राहतात त्यांना विचारलं. आज याला यूजर रिसर्च म्हणतात.

पुढे त्यांनी अपंग व्यक्ती आणि हृदयरोग असलेल्या गृहिणींसाठी स्वयंपाकघरांची मांडणी केली. इथे वाचलेली पावलं म्हणजे वाचलेली ताकद होती. स्वतःचा स्वयंपाक स्वतः करता येणं हे त्या माणसासाठी स्वातंत्र्य होतं.

१९३५ मध्ये त्या पर्ड्यू विद्यापीठात प्राध्यापक झाल्या. ११ ही मुलांना त्यांनी कॉलेजपर्यंत शिकवलं. १९६५ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमी ऑफ इंजिनिअरिंगवर निवडून येणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या. २ जानेवारी १९७२ रोजी, वयाच्या ९३ व्या वर्षी, त्यांचं निधन झालं.

आपल्या फोनसाठी यातून काय घ्यायचं?

१. आधी बघा, मग ॲप टाका. एक दिवस फक्त नोंद करा की फोन कशासाठी उचलला आणि हातातून खाली ठेवेपर्यंत काय काय केलं. स्क्रीन टाइमचा आकडा किती वेळ गेला ते सांगतो, का गेला ते तुम्हालाच बघावं लागेल.

२. मांडणी बदला. रोज लागणारी चार-पाच ॲप्स अंगठा सहज पोचेल अशी खाली ठेवा. वेळ खाणारी ॲप्स होम स्क्रीनवरून काढून आतल्या फोल्डरमध्ये टाका. लिलियन यांनी पावलं कमी केली, तशी कामाची टॅप कमी करा. बिनकामाची वाढली तरी चालतील!

३. वापरणाऱ्याला विचारा. आईच्या किंवा आजोबांच्या फोनमध्ये आपल्या मनाने सेटिंग करू नका. त्यांना नक्की कुठे अडतं ते शेजारी बसून बघा. कदाचित फक्त अक्षरं मोठी करून हवी असतील.

४. वाचलेला वेळ कुणाचा, हे आधी ठरवा. लिलियन यांच्या लेखी घरकामातून वाचलेला वेळ हा त्या बाईच्या आवडीचा, मुलांचा, आयुष्याचा वेळ होता. आज काम सेकंदात मोजणारं सॉफ्टवेअर आमच्यासारखीच माणसं लिहितात, आणि १९११ मधल्या त्या कामगारांचा प्रश्न अजून तसाच आहे. ऑफिसमध्ये ऑटोमेशन करून वाचलेला तास पुढच्या मीटिंगमध्ये गेला, किंवा पटकन बिल भरून वाचलेली दहा मिनिटं रील्समध्ये गेली, तर तुमच्या हाती काय उरलं?

म्हणून पुढच्या वेळी एखादं नवं ॲप किंवा गॅजेट घेताना दोन गोष्टी लिहून काढा. याने माझी कुठली पावलं वाचणार? आणि वाचलेल्या वेळात मी काय करणार? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सापडत नसेल, तर खरेदी चार दिवस पुढे ढकला.